‘शेवटचा टप्पा’ : बिर्केनाऊच्या कैदी स्त्रिया पडद्यावर

१९४७ च्या उन्हाळ्यात ऑश्विट्झ-बिर्केनाऊ येथे चित्रित झालेला आणि २८ मार्च १९४८ रोजी वॉर्सात प्रथम प्रदर्शित झालेला ‘ओस्तात्नी एताप’, म्हणजे ‘शेवटचा टप्पा’, हा पोलिश चित्रपट नाझी छळछावणीतील जीवनाला संपूर्ण कथापटाचा विषय करणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एक असून, त्याच्या दिग्दर्शिका वान्डा याकुबोव्स्का आणि सहपटकथाकार गेर्डा श्नायडर या दोघीही त्याच छावणीत कैदी म्हणून राहिलेल्या होत्या. छावणीविषयी पुढच्या काळात शेकडो चित्रपट निघाले, त्यांतील अनेकांना अधिक पैसा, अधिक संशोधन आणि अधिक स्वातंत्र्य लाभले. पण ज्या बराकीत माणसे मेली त्याच बराकीसमोर, त्यांतून वाचलेल्या स्त्रियांना पुन्हा पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत उभे करून, त्यांच्यातल्याच एकीने कॅमेरा लावावा, हे पुन्हा त्या प्रकारे घडले नाही. गेल्या पंचाहत्तर वर्षांत या चित्रपटाकडे कधी कम्युनिस्ट प्रचारपट म्हणून तर कधी जणू वृत्तपट म्हणून पाहिले गेले. या दोन्ही दृष्टींनी त्याच्यावर अन्याय केला आहे, कारण तो मुळात एका कैदी स्त्रीची साक्ष आहे, आणि साक्षीदाराच्या मतांसकट, तिच्या मौनांसकट ती ऐकावी लागते.

ज्या जागेची ही कथा आहे तिची रचना आधी समजून घेणे आवश्यक आहे. पोलंडमधील ओश्व्येन्चिम या गावाजवळ जर्मनांनी १९४० मध्ये उभारलेली छावणी सुरुवातीला पोलिश राजकीय कैद्यांसाठी होती. पुढे तीन किलोमीटरवर बिर्केनाऊ ही कितीतरी मोठी छावणी उभी राहिली आणि तेथे वायुकोठड्या, म्हणजे विषारी वायू सोडून माणसे मारण्याच्या बंद खोल्या, व प्रेते जाळण्याच्या भट्ट्या बांधल्या गेल्या. त्यामुळे ऑश्विट्झ ही एकाच वेळी दोन प्रकारची छावणी ठरली : कैद्यांना क्रमांक देऊन राबवून मारणारी छळछावणी, आणि आलेल्या बहुसंख्य ज्यूंना क्रमांकही न देता काही तासांत संपवणारी संहारछावणी. येथे आणलेल्या सुमारे १३ लाख माणसांपैकी सुमारे ११ लाख मृत्युमुखी पडली आणि त्यांतील जवळजवळ १० लाख ज्यू होती, असे आजचे संशोधन सांगते. स्त्रियांची पहिली मोठी तुकडी २६ मार्च १९४२ रोजी आली; त्या दिवशी राव्हेन्सब्र्युकच्या स्त्री-छावणीतून जर्मन कैदी स्त्रिया आणि स्लोव्हाकियातून तरुण ज्यू मुली आणल्या गेल्या, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना बिर्केनाऊच्या चिखलात हलवण्यात आले. नोंद झालेल्या सुमारे ४ लाख कैद्यांपैकी सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या.

या स्त्रियांवर एसएस या नाझी संघटनेच्या अमलाखालील जर्मन पर्यवेक्षिका होत्या, पण रोजचा कारभार त्यांनी कैद्यांकडूनच करवून घेतला. कामाच्या टोळीवर देखरेख करणारी कैदी ‘कापो’ म्हणून ओळखली जाई, प्रत्येक बराकीला एक ब्लॉकप्रमुख असे, आणि कपड्यांवरच्या त्रिकोणाच्या रंगावरून कोण राजकीय, कोण गुन्हेगार, कोण ‘असामाजिक’ हे ठरलेले असे. गुन्हेगारीसाठी शिक्षा झालेल्या हिरव्या त्रिकोणाच्या जर्मन स्त्रियांच्या हाती सुरुवातीला सोटा होता, तर लाल त्रिकोणाच्या राजकीय कैद्यांनी रुग्णालय, कार्यालये, गोदामे अशा ठिकाणी हळूहळू शिरकाव करून घेतला. भाकरीचा एक जादा तुकडा, औषधाची एक गोळी, एक कोरडी जागा कोणाला मिळणार हे या लहानशा सत्तेवर ठरत असे. चित्रपटाचे सगळे नाट्य या व्यवस्थेतून निघते, आणि त्याची सर्वांत मोठी कमाई हीच आहे की छावणी म्हणजे केवळ क्रूर जर्मन आणि निष्पाप बळी असे सोपे चित्र न काढता त्याने बळींच्या आतली उतरंडही दाखवली.

वान्डा याकुबोव्स्का यांचा जन्म १९०७ चा, वॉर्सातला. बालपणाची काही वर्षे मॉस्कोत गेली, वॉर्सा विद्यापीठात त्या कलेचा इतिहास शिकल्या आणि १९३० मध्ये ‘स्टार्ट’ या तरुण चित्रपटप्रेमींच्या संस्थेच्या स्थापनेत त्या सामील झाल्या. चित्रपट हा करमणुकीचा धंदा नसून समाजोपयोगी कला आहे, असा या मंडळाचा आग्रह होता आणि युद्धोत्तर पोलंडमधील चित्रपटव्यवसायाची सूत्रे पुढे मुख्यतः याच मंडळातील लोकांच्या हाती आली. एलिझा ओझेश्कोव्हा यांच्या ‘नाद न्येम्नेम’ या गाजलेल्या कादंबरीवर याकुबोव्स्का यांनी सहदिग्दर्शित केलेला कथापट सप्टेंबर १९३९ मध्ये पडद्यावर यायचा होता. त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि युद्धात त्या चित्रपटाच्या प्रतीही नष्ट झाल्या. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये भूमिगत कामासाठी त्यांना अटक झाली, वॉर्सातील पाविआक तुरुंगात सहा महिने गेले आणि एप्रिल १९४३ च्या अखेरीस त्यांना ऑश्विट्झला आणण्यात आले.

तेथे त्यांचे नशीब इतर हजारो जणींपेक्षा बरे निघाले. रायस्को येथील उपछावणीत, जेथे एका विशिष्ट जातीच्या रानफुलाच्या मुळांतून रबर मिळवण्याचे प्रयोग चालले होते, तेथे त्यांना छायाचित्रे काढण्याचे काम मिळाले. मुख्य छावणीतील चिखल, उवा आणि टायफस यांपासून काहीशी दूर असलेली ही जागा होती. छावणीच्या फाटकातून आत शिरतानाच यावर चित्रपट करायचा असे आपण ठरवले आणि या निश्चयानेच आपल्याला तगवले, असे त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. हे म्हणणे शब्दशः घ्यावे की नंतरच्या आठवणीने त्याला दिलेला आकार मानावा, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की छावणीतील कपडे, हालचाली, वाक्ये, हजेरीच्या रांगा यांकडे एक प्रशिक्षित नजर दोन वर्षे सतत पाहत होती. जानेवारी १९४५ मध्ये लाल सेना जवळ येताच कैद्यांना पश्चिमेकडे हाकण्यात आले, त्यांत याकुबोव्स्काही होत्या, आणि राव्हेन्सब्र्युकच्या मार्गाने त्यांची सुटका झाली ती युद्धाच्या अगदी शेवटी.

पटकथेचे काम त्यांनी त्याच वर्षी सुरू केले. सोबत होत्या गेर्डा श्नायडर, हिटलरच्या राजवटीत कित्येक वर्षे कैदेत काढलेल्या जर्मन कम्युनिस्ट. पोलिश स्त्री आणि जर्मन स्त्री यांनी मिळून ऑश्विट्झची कथा लिहावी, हीच १९४५ च्या पोलंडमध्ये पचायला कठीण गोष्ट होती. शत्रू म्हणजे जर्मन माणूस नव्हे तर फॅसिझम, अशी या दोघींची ठाम धारणा होती आणि म्हणून चित्रपटात अ‍ॅना ही जर्मन परिचारिका कैद्यांच्या बाजूने उभी राहते व त्यासाठी मरते. वॉर्सातील चित्रपट-नोकरशाहीने आधी फारसा उत्साह दाखवला नाही, कारण युद्धाने खचलेल्या प्रेक्षकाला छावणी पाहायची नाही, अशी तिची समजूत होती. तेव्हा याकुबोव्स्का पटकथा घेऊन मॉस्कोला गेल्या. तेथे सोव्हिएत सांस्कृतिक धोरणाचे सूत्रधार आंद्रेई झ्दानोव्ह ती ऐकून रडले, असे याकुबोव्स्का यांनी नंतर सांगितले आहे. मॉस्कोची संमती मिळताच पोलंडमधील अडथळे दूर झाले आणि छायालेखक म्हणून बोरीस मोनास्तिर्स्की हे अनुभवी सोव्हिएत कलावंतही मिळाले. जर्मनव्याप्त युक्रेनमधील एका गरोदर पार्टिझन स्त्रीच्या बंदिवासाची कथा सांगणारा ‘राडुगा’ हा १९४४ चा सोव्हिएत चित्रपट त्यांनीच चित्रित केला होता, आणि बंदिवासातील बाळंतपणाचा जो प्रसंग ‘शेवटचा टप्पा’च्या सुरुवातीलाच येतो, त्याच्या छायाप्रकाशात त्या आधीच्या कामाची सावली जाणवते.

चित्रीकरणाच्या आसपासच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की त्या दिवसांचा ताण कळतो. ऑश्विट्झचा पहिला कमांडंट रुडॉल्फ हेस याला १६ एप्रिल १९४७ रोजी छावणीच्याच आवारात फाशी देण्यात आले. १४ जून रोजी तेथे संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जुलैत याकुबोव्स्का यांचा चमू कामाला लागला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्राकुफ येथे छावणीच्या कर्मचाऱ्यांवर खटला चालला आणि स्त्री-छावणीची मुख्य पर्यवेक्षिका मारिया मांडल हिला २४ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोन महिने आधी, फासावर चढवले गेले. बिर्केनाऊतील पुष्कळशा लाकडी बराकी तोवर उद्ध्वस्त वॉर्साच्या बांधकामासाठी उचलून नेल्या होत्या, भट्ट्यांच्या इमारती एसएसने पळून जाताना सुरुंगाने उडवल्या होत्या, पण स्त्री-छावणीच्या विटांच्या बराकी, मनोरे आणि काटेरी तारा उभ्या होत्या. गर्दीच्या प्रसंगांत ओश्व्येन्चिमचे रहिवासी होते, आणि स्वतः तेथे कैद भोगलेल्या स्त्रियाही होत्या. दोन वर्षांपूर्वी ज्या मैदानावर तासन्‌तास उभे राहावे लागले तेथे दिग्दर्शिकेच्या इशाऱ्यावर पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्या माणसाने करू नये. त्या आल्या आणि उभ्या राहिल्या, एवढेच नोंदवणे पुरे.

हजेरी हा या चित्रपटाचा कणा आहे. पहाटे आणि संध्याकाळी सर्व कैद्यांना पाच-पाचांच्या ओळींत उभे करून मोजणे, ज्याला छावणीत ‘आपेल’ म्हणत, हा केवळ गणतीचा प्रकार नव्हता. संख्या जुळेपर्यंत पाऊस, बर्फ, उपास यांत उभे ठेवून माणसे मारण्याचे ते साधन होते. मोनास्तिर्स्की यांचा कॅमेरा ही रांग पुष्कळदा वरून आणि दुरून दाखवतो, त्यामुळे डोकी, खांदे आणि पट्टे यांचे एक मैदान तयार होते आणि ते मैदान थंडीने, थकव्याने एका लयीत डावी-उजवीकडे हेलकावत राहते. अशाच एका रांगेत हेलेना या नव्याने आलेल्या पोलिश स्त्रीला कळा सुरू होतात. बाजूच्या स्त्रिया तिला पडू देत नाहीत, कारण रांगेत पडणे म्हणजे जीव गमावणे; त्यांची शरीरे एकमेकींना टेकू देतात आणि एका बाईच्या वेदनेचा हेलकावा साऱ्या ओळीभर पसरतो. पुढे रुग्णबराकीत, जिला कैदी ‘रेविअर’ म्हणत, येवगेनिया ही रशियन डॉक्टर तिची सुटका करते. मूल जिवंत आणि धडधाकट आहे, बराकीतल्या आजारी बायकांच्या चेहऱ्यावर क्षणभर घरचा उजेड येतो, आणि तेवढ्यात छावणीचा जर्मन डॉक्टर आत येऊन सुई टोचून त्या बाळाला मारतो. मृत्यू पडद्यावर उघडा दाखवलेला नाही. दिसतात ते हात, सुई आणि स्त्रियांचे डोळे.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यामागील वस्तुस्थिती कल्पित नाही. वुच शहरातील सुईण स्तानिस्वाव्हा लेश्चिन्स्का एप्रिल १९४३ पासून बिर्केनाऊत कैदी होत्या, आणि आपण तेथे सुमारे ३ हजार बाळंतपणे केली असे त्यांनी नंतरच्या अहवालात नोंदवले. त्यांतील बहुसंख्य मुले बुडवून मारली गेली किंवा उपासाने मेली. स्त्रीच्या शरीराशी निगडित असलेली ही यातना, म्हणजे गरोदरपण, बाळंतपण, दूध असून मूल नसणे, पुरुष कैद्यांच्या आठवणींत येऊ शकत नव्हती. न्युरेंबर्गच्या खटल्यात मारी-क्लोद व्हायाँ-कुतुरिये या फ्रेंच आणि सेव्हेरिना श्माग्लेव्स्का या पोलिश, अशा बिर्केनाऊतील दोन स्त्रियांनी १९४६ च्या आरंभी साक्ष दिली होती, आणि श्माग्लेव्स्का यांची साक्ष प्रामुख्याने छावणीतील मुलांविषयी होती. न्यायालयातील ती जबानी कागदावर राहिली. याकुबोव्स्का यांनी तीच गोष्ट सामान्य प्रेक्षकासमोर, अंधाऱ्या थिएटरात आणली.

चित्रपटात भाषांचा जो कल्लोळ आहे तोही याच सच्चेपणाचा भाग आहे. पोलिश स्त्री पोलिश बोलते, फ्रेंच फ्रेंच, रशियन रशियन आणि अधिकारी जर्मन. सगळ्यांना सोयीच्या एका भाषेत बोलायला लावण्याची व्यावसायिक तडजोड याकुबोव्स्का यांनी केली नाही. छावणीत जर्मन न कळणे म्हणजे हुकूम न कळणे आणि हुकूम न कळणे म्हणजे मार, म्हणून दुभाषी ही तेथे जीवनमरणाची जागा होती. मार्टा वाइस ही नायिका नेमकी याच कारणाने वाचते. ज्यूंच्या एका गाडीतून कुटुंबासह आलेली ही मुलगी जर्मन बोलते असे कळताच तिला दुभाषी म्हणून बाजूला काढले जाते, बाकीचे सारे दुसऱ्या दिशेला नेले जातात. त्यानंतर धूर सोडणाऱ्या त्या इमारतीला कारखाना समजून ती एका जुन्या कैदी बाईला त्याविषयी विचारते, आणि तेथे काय होते हे तिला सांगितले जाते. बार्बारा द्रापिन्स्का या अभिनेत्रीने हे ऐकतानाचा क्षण ज्या संयमाने उभा केला आहे, त्यात एकही अश्रू नाही, आणि तरीही युद्धोत्तर अभिनयातील श्रेष्ठ क्षणांत त्याची गणना करावी लागेल.

मार्टामागे एक खरी स्त्री आहे. माला झिमेटबाउम हिचा जन्म १९१८ मध्ये पोलंडमध्ये झाला, ती बेल्जियममधील अँटवर्प येथे वाढली आणि सप्टेंबर १९४२ मध्ये तेथून ऑश्विट्झला पाठवली गेली. अनेक भाषा येत असल्याने तिला दुभाषी आणि निरोप पोहोचवणारी म्हणून नेमण्यात आले, आणि या जागेचा उपयोग तिने इतरांना वाचवण्यासाठी केला, असे वाचलेल्या अनेक स्त्रियांनी सांगितले आहे. २४ जून १९४४ रोजी एडेक गालिन्स्की या पोलिश कैद्यासोबत ती छावणीतून निसटली. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. जुलैच्या सुरुवातीला ते पकडले गेले आणि सप्टेंबरमध्ये, साऱ्या छावणीसमोर वधासाठी उभी असताना, मालाने लपवलेल्या पात्याने आपल्या मनगटाची नस कापली आणि अडवायला आलेल्या एसएसच्या माणसाच्या तोंडात मारली. चित्रपटात हा शेवट जवळजवळ तसाच आला आहे, मात्र पलायनाचा हेतू बदलला आहे. पडद्यावरची मार्टा प्रियकरासोबत स्वातंत्र्याकडे धावत नाही. छावणी नष्ट करण्याची जर्मन योजना बाहेर पोहोचवण्यासाठी संघटनेच्या आदेशाने ती बाहेर पडते. शेवटी तिच्या माथ्यावरून दोस्तांची विमाने जातात, अधिकारी सैरावैरा पळतात आणि हे पुन्हा घडू देऊ नका असे सांगत ती मरते. प्रत्यक्षात मालाच्या मृत्यूच्या वेळी आकाश रिकामे होते आणि छावणी आणखी चार महिने चालली.

या बदलात चित्रपटाचा राजकीय पीळ स्पष्ट दिसतो आणि त्याची चर्चा टाळण्यात अर्थ नाही. येवगेनिया ही रशियन डॉक्टर जवळजवळ संतपदाला पोहोचली आहे. परदेशी निरीक्षकांचे एक मंडळ छावणी पाहायला येते, त्यांच्यासाठी रुग्णबराक झाडूनपुसून सजवली जाते, आणि पाठ केलेल्या चार जर्मन वाक्यांत येवगेनिया त्यांना खरे काय ते सांगते. अधिकारी तिला वेडी ठरवतात आणि पाहुणे गेल्यावर तिचा छळ करून तिला मारले जाते. असा देखावा नाझींनी केला होता तो जून १९४४ मध्ये, रेड क्रॉसच्या प्रतिनिधींसाठी, पण तो चेकोस्लोवाकियातील तेरेझीन येथे. उलट पोलिश मध्यमवर्गाचे प्रतिनिधित्व येथे लालुन्या करते : एका औषधविक्रेत्याची ही बायको डॉक्टर असल्याचे सोंग करते आणि आजाऱ्यांची औषधे कापोंना देऊन चैनीच्या वस्तू मिळवते. अशा स्त्रिया छावणीत नव्हत्याच असे नाही, पण ज्या कॅथलिक, राष्ट्रवादी, कम्युनिस्ट नसलेल्या पोलिश स्त्रियांनी तेथे तितकाच प्रतिकार केला, त्यांना चित्रपटात आवाज नाही. गंभीर उणीव दुसरीच आहे. बिर्केनाऊतील मृतांमध्ये ज्यूंचे प्रमाण प्रचंड असूनही चित्रपटात त्यांचा संहार हा अनेक राष्ट्रांच्या समान दुःखाचा एक भाग म्हणून येतो. मार्टा ज्यू आहे हे सांगितले जाते, पण ती मरते ती आंतरराष्ट्रीय प्रतिकाराची सैनिक म्हणून. त्या काळच्या पूर्व युरोपातील अधिकृत इतिहासाची हीच रीत होती. याकुबोव्स्का यांनी ती भीतीपोटी स्वीकारली नव्हती, कारण त्या मनापासून कम्युनिस्ट होत्या आणि छावणीतही ज्यांनी त्यांना आधार दिला त्यांत राजकीय सहकारीच पुढे होते.

मॉस्कोच्या आश्रयाने तयार झालेल्या चित्रपटात काय येऊ शकत नव्हते, याचा एक पुरावा चित्रीकरणाच्याच वर्षी महाराष्ट्रात होता. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्यांना घराबाहेर काढले होते ते जर्मनांनी नव्हे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलेल्यांपैकी त्या होत्या. बिर्केनाऊत रशियन डॉक्टरच्या हौतात्म्याचे चित्रीकरण चालू असताना वळिवड्याच्या बायका मायदेशी परतावे की नाही याचा विचार करत होत्या. त्यांची कथा पोलंडच्या पडद्यावर यायला कम्युनिस्ट राजवट जावी लागली. याने बिर्केनाऊच्या स्त्रियांची यातना खोटी ठरत नाही, पण एका राष्ट्राच्या स्त्रियांच्या दोन बंदिवासांपैकी एकालाच तेव्हा सरकारी कॅमेरा मिळाला, हे मराठी वाचकाला तरी जवळून ठाऊक असायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वेळा घेतला जातो : स्त्रिया पुरेशा खंगलेल्या दिसत नाहीत, प्रेतांचे ढीग नाहीत, वायुकोठडीचा आतला भाग नाही. याकुबोव्स्का यांचा यामागचा विचार स्पष्ट होता. सांगाडे, उंदीर, उवा आणि सडणारी शरीरे जशीच्या तशी दाखवली तर युद्धातून नुकताच बाहेर पडलेला प्रेक्षक किळसेने डोळे मिटेल आणि ज्या स्त्रियांविषयी त्याला आपुलकी वाटायला हवी त्यांच्यापासून तो दूर जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मुक्त छावण्यांत दोस्तसैन्याने चित्रित केलेल्या वृत्तपटांत मृतदेहांची रास होती, पण त्यांतील कुणालाही नाव नव्हते. याकुबोव्स्का यांना नाव हवे होते, आवाज हवा होता, रांगेत शेजारणीच्या हातात गुपचूप सरकवलेला बटाटा हवा होता. हा निर्णय योग्यच होता. मरणाऱ्या स्त्रियांचे नग्न देह कॅमेऱ्यासमोर पुन्हा मांडण्यात जो अपमान आहे, तो त्या देहांमध्ये राहिलेल्या दिग्दर्शिकेला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. फ्रेंच स्त्रियांच्या तोंडी राष्ट्रगीत घालणे हे काहींना नाटकी वाटते; पण जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्समधून आणलेल्या २३० राजकीय कैदी स्त्रिया ते गातच बिर्केनाऊच्या फाटकातून आत गेल्या होत्या, आणि त्यांतील काही जणींनी पुढे रायस्को येथेच काम केले.

पोलंडमध्ये चित्रपटाला लाखोंनी प्रेक्षक लाभले, १९४८ च्या कार्लोवी व्हारी महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पन्नासच्या आसपास देशांत तो दाखवला गेला. चित्रपटकलेचे हंगेरियन तत्त्वचिंतक बेला बालाझ यांनीही त्याची मनापासून प्रशंसा केली. याच सुमारास चेक दिग्दर्शक आल्फ्रेड राडोक यांनी तेरेझीनवरील ‘दालेका त्सेस्ता’ तयार केला. त्याच्याही मध्यभागी एक स्त्री आहे, हाना ही ज्यू डॉक्टर. राडोक यांनी खऱ्या नाझी प्रचारफिती, तिरपे कोन आणि लांब सावल्या यांच्या मिश्रणातून भयस्वप्नासारखी शैली घडवली व ज्यूंचा छळ हा ज्यूंचाच छळ म्हणून दाखवला; म्हणूनच की काय, स्वदेशात तो चित्रपट मोठ्या थिएटरांपासून दूर ठेवला गेला आणि लवकरच कपाटात गेला. कलाकृती म्हणून राडोक यांचा प्रयोग अधिक धाडसी आहे. तरीही छावणीचे जे चित्र जगाच्या मनात बसले ते याकुबोव्स्का यांचे.

ते किती खोल बसले याची हकिकत विलक्षण आहे. धुके, इंजिनाचा धूर, दिव्यांचे झोत, कुत्री आणि रात्री फलाटाला लागणारी मालगाडी हा ‘शेवटचा टप्पा’मधील प्रवेश फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांनी १९५६ च्या ‘नाइट अँड फॉग’ या माहितीपटात वापरला, आणि तेथे तो खऱ्या अभिलेख-फितींच्या शेजारी बसला. हॉलिवूडच्या जॉर्ज स्टीव्हन्स यांनी १९५९ च्या ‘द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’मध्ये अ‍ॅनच्या दुःस्वप्नासाठी हजेरीत हेलकावणाऱ्या स्त्रियांचे दृश्य उसने घेतले. रात्रीच्या आगमनाची ती मांडणी पुढे इतक्या चित्रपटांत आली की स्पीलबर्ग यांच्या १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधील बिर्केनाऊचा प्रवेश पाहताना पोलिश समीक्षकांना साहजिकच याकुबोव्स्का आठवल्या. छावणी चालू असतानाची गॅस व भट्टीपर्यंतची हालचाल कुणी जर्मनांनी चित्रित करून ठेवलेली नाही, म्हणून ही रिकामी जागा एका कथापटाने भरली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यालाच पुरावा मानले. ही याकुबोव्स्का यांची फसवणूक नव्हे; आपला चित्रपट घडलेल्या प्रसंगांवर आधारलेला, पण रचलेला आहे हे त्यांनी कधी लपवले नाही. सावधगिरी दाखवायला हवी होती ती नंतर तुकडे कापून घेणाऱ्यांनी.

मुख्य पर्यवेक्षिकेची भूमिका करणाऱ्या अलेक्सान्द्रा श्लोन्स्का यांचा पुढचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४७ मध्ये त्यांनी उभी केलेली बाई थंड, देखणी आणि सरळसोट दुष्ट आहे. त्यानंतर आंद्रेय मुंक या दिग्दर्शकाने झोफिया पोस्मिश या ऑश्विट्झमधूनच वाचलेल्या लेखिकेच्या कथेवर ‘पासाझेर्का’ हा चित्रपट हाती घेतला, तेव्हा पर्यवेक्षिका लिझाच्या भूमिकेसाठी त्यांनी श्लोन्स्का यांनाच निवडले. मुंक १९६१ मध्ये मोटार अपघातात गेले, चित्रपट मित्रांनी अपुऱ्याच रूपात १९६३ मध्ये प्रदर्शित केला. त्यात लिझा स्वतःशीच खोटे बोलते, कैदी स्त्रीवर आपण उपकार केले अशी समजूत करून घेते, आणि गुन्हेगाराचे मन कसे चालते याचा शोध तेथे सुरू होतो. १९४८ मध्ये तो शोध कुणी घेऊ शकले नसते, कारण तेव्हा पहिले काम होते ते बळींना चेहरा देण्याचे. याकुबोव्स्का स्वतःही छावणीकडे पुन्हा वळल्या, १९६४ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये, पण पहिल्या चित्रपटाची ताकद त्या कामांत आली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये वॉर्सात त्यांचे निधन झाले.

‘शेवटचा टप्पा’ ही युद्धोत्तर युरोपीय चित्रपटांतील पहिल्या प्रतीची कृती आहे, तिच्या शेवटच्या वीस मिनिटांतील वक्तृत्वासकट. महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांनी आणि चित्रपट-अभ्यासाच्या वर्गांनी रेने व स्पीलबर्ग यांच्या आधी हा चित्रपट दाखवावा, सोबत राडोक यांचा तेरेझीनपट ठेवावा, आणि पाहणाऱ्यांना माला झिमेटबाउम हिच्याविषयी आधी माहिती द्यावी, म्हणजे पडद्यावरची मार्टा कुठे तिच्याजवळ आहे आणि कुठे तिच्यापासून दूर नेली गेली, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येईल.